सिग्नल टेकडीकडून येत होता

गेल्या कार्तिकात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावाजवळ मी फोनवर जे सांगितलं, ते शब्दन् शब्द खरं होतं. तरी तासाभरानं एक बाई वाघिणीपासून वीस पावलांवर धान कापत होती. तिला काही झालं नाही. पण तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

मी पंधरा वर्षं नौदलात होतो. ओडिशात चिल्काला पहिलं प्रशिक्षण झालं, पुढे ऐकण्याच्या कामावर गेलो. कुठं बसून काय ऐकलं ते सांगणार नाही, तशी सही केलेली आहे. ऐकतात कसं, ते मात्र जगजाहीर आहे. लोकांना वाटतं, हेडफोन लावला की शत्रूचं बोलणं कानावर येतं. येते ती तासन् तास खरखर. 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणातल्या वरच्या थरावरून परत वळून हजारो किलोमीटर जातात. रात्री तो थर बदलतो आणि दुपारभर मुकं असलेलं स्टेशन अंधार पडल्यावर बोलू लागतं. संदेश सांकेतिक असतो, तो फोडणारे वेगळे. आपण लिहायचं ते हे : कोण बोललं, कोणाशी, किती वाजता, किती वेळ, कोणत्या दिशेनं. रोज बोलणारा गप्प बसला तर तेही लिहायचं. मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या हाताची लकब असते. त्याचं सांकेतिक नाव बदलतं, हात बदलत नाही. खरखरीतून असा ओळखीचा हात सापडला की जो आनंद होतो, तो मी घरात कोणाला समजावू शकलेलो नाही.

आता एका प्रकल्पावर गळ्यात रेडिओ कॉलर लावलेल्या वाघांचा माग काढतो. कॉलर आपली जागा उपग्रहामार्फत कळवते, पण काही तासांच्या अंतरानं, आणि दाट झाडीत कधी कळवतही नाही. मधल्या वेळात हातातला यागी अँटेना, म्हणजे तोंड असेल त्या दिशेचं जास्त ऐकणारा, आणि रिसीव्हर. कॉलर साधारण 150 मेगाहर्ट्झवर टिकटिक करते. नवी पोरं अँटेना फिरवतात, मोठ्ठा आवाज आला की बोट दाखवतात. तसं नसतं. आधी रिसीव्हरची संवेदनशीलता कमी करत न्यायची, आवाज जेमतेम उरेल इतकी. मग अँटेना फिरवताना टिकटिक डावीकडे कुठं विझते आणि उजवीकडे कुठं विझते, त्या दोन कडा धरायच्या. दिशा त्यांच्या मधोमध. जीपपासून आणि विजेच्या तारांपासून लांब उभं राहायचं. आणि एका जागेवरून काहीच ठरवायचं नाही, निदान तीन जागा. तिन्ही रेघा नकाशावर क्वचितच एका बिंदूत मिळतात. बहुतेक वेळा तिकोण पडतो, आणि वाघ त्या तिकोणात आहे एवढंच म्हणता येतं.

त्या दिवशी वाघीण गावालगत होती. धान पिकून उभं, मजूर सकाळपासून खोळंबलेले. मी पाण्याच्या टाकीजवळून दिशा घेतली, मग कालव्याच्या पाळीवरून. दोन्हीकडून टेकडीच्या कातळाकडे जोरात आवाज. मात्र दुसऱ्या जागेवर नाल्याच्या बाजूलाही, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, तुरीकडे बारीक टिकटिक होती. ती मला खटकली. जनावर खोलगटात बसलं असेल तर त्याची सरळ वाट मातीनं अडते आणि कातळावरून परतलेला आवाजच मोठा लागतो. म्हणून तिसऱ्या जागेकडे निघालो होतो.

तेवढ्यात साहेबांचा फोन. साहेब मनानं चांगले, पण घाईचे. विचारलं, "सिग्नल जास्त कुठून येतोय?"

मी म्हणालो, "टेकडीकडून."

फोन बंद. पाच मिनिटांत ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ऐकू आलं, "वाघीण टेकडीवर आहे, नाल्याकडच्या बांध्यांमध्ये धान कापायला हरकत नाही." मी उलट फोन लावत राहिलो, लागला नाही. तिसरी दिशा घेतली, ती थेट तुरीत गेली. पळत नाल्याशी पोचलो, तोवर वाघीण उठून बायांच्या समोरून झाडीत गेली होती.

ती बाई विळा हातात धरूनच खाली बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "वाघ तं माह्या तुरीत होता जी. तुमी टेकडी काहून सांगतली?"

आमच्या प्रशिक्षणात पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या आरमारी लढाईची गोष्ट होती. 31 मे 1916. ब्रिटिश नौदलाच्या रूम 40 मध्ये जर्मन संदेश फोडले जात. नौदलाच्या मोहिमा बघणारे कॅप्टन थॉमस जॅक्सन आत आले आणि विचारलं, जर्मन सेनापतीचं 'डीके' हे सांकेतिक नाव कुठून ऐकू येतंय? उत्तर मिळालं, विल्हेल्म्सहाफेन या जर्मन बंदरातून. ते निघून गेले आणि जर्मन आरमार बंदरातच असल्याचं समुद्रावरच्या ब्रिटिश आरमाराचा सेनापती ॲडमिरल जेलिको याला कळवलं गेलं. समुद्रावर निघताना जर्मन सेनापती ते नाव किनाऱ्यावरच्या स्टेशनला देऊन जातो, हे त्या खोलीतल्या माणसांना माहीत होतं. त्यांना ते कोणी विचारलं नाही. काही तासांत तेच आरमार जेलिकोसमोर आलं. त्या रात्री ॲडमिरल्टीनं, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयानं, जर्मनांच्या परतीची वाट बरोबर कळवली, पण जेलिकोचा मुख्यालयाच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता.

तेव्हा मला त्या खोलीतल्या माणसांचा राग यायचा. जॅक्सनला दारातून परत का बोलावलं नाही? आता मी स्वतःला विचारतो, "टेकडीकडून" म्हटल्यावर त्याच श्वासात "पण तुरीतही आहे" का निघालं नाही? पंधरा वर्षं मला विचारलं तेवढंच सांगायची सवय लावली गेली. अर्थ लावणारा दुसरा कोणीतरी पुढच्या टेबलावर बसलेला असायचा. इथं पुढचं टेबल नव्हतं, थेट भोंगा होता. तो प्रश्न चुकीचा होता, असं मी अजून म्हणतो. तेवढ्यानं माझी सुटका होत नाही, हेही मला कळतं.

पुढच्या आठवड्यात तीच वाघीण त्याच नाल्यात आली. या वेळी तीन जागा, तिन्ही रेघा स्वच्छ. साहेबांनी लगेच भोंगा लावला. बांधीतून कोणी उठलं नाही. मी धुऱ्यावरून ओरडत होतो, आणि विळे चालूच होते.