फ्लॉरेन्स बघायचं तर आर्नोच्या काठानं

आमच्या सांगलीहून युरोपला जाणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये फ्लॉरेन्सच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी पिसाच्या मनोऱ्यापुढं फोटो, दुपारी फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चपुढं तासभर, की बस पुढच्या गावाला. एवढ्यासाठी तिथवर जाऊ नका. मी आणि माझी लेक रोमहून रेल्वेनं गेलो, दीड तासाचा प्रवास, आणि तिथंच मुक्काम केला. पिसा सोडून दिलं. कृष्णाकाठी हयात गेलेल्या माणसाला या गावात आर्नो नदीच बघायला पुरते, असं मी म्हणेन.

सुरुवात व्हिया दे नेरी या रस्त्यापासून करा. हा रस्ता सँडविचच्या दुकानांपुढच्या रांगांसाठी प्रसिद्ध आहे. तिथंच व्हिया सान रेमिजिओ नावाचा बोळ फुटतो, त्याच्या कोपऱ्यावरच्या भिंतीत दोन पाट्या आहेत. एक जुनी दगडी, १३३३ सालच्या पुराची. तिच्यावर लाटा कोरल्यात आणि शेजारी एक हात, बोट लावून पाणी कुठवर आलं ते दाखवणारा. दुसरी तिच्याही वर, १९६६ च्या पुराची. दोन्ही पुरांची तारीख एकच, ४ नोव्हेंबर. लेकीनं टाचा उंचावून हात वर केला, तरी तो त्या रेघेला पोचला नाही.

मी तिथं बराच वेळ उभी होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर भिंतीवर राहिलेली तपकिरी रेघ सगळ्यांनी दिवाळीच्या आत रंगवून टाकली. घरात राहायचं होतं, दुसरं करणार काय? पण गावानं म्हणून एक खूण ठेवायला हवी. मारुती चौकात, हरभट रोडला २००५ आणि २०१९ ची एकेक दगडी पाटी बसवली, तर नवं घर बांधणाऱ्याला जोतं किती उचलायचं ते कुणाला विचारावं लागणार नाही. फ्लॉरेन्समध्ये अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. आणखी एक गोष्ट सांगलीकराला लगेच कळेल: १९६६ च्या पुरानंतर वरच्या अंगाच्या लेवाने आणि ला पेन्ना या धरणांतून पाणी कधी सोडलं, किती सोडलं, यावरून तिथंही मोठा वाद झाला.

तिथून चालत सांता क्रोचे चर्चला या. तिकीट आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; आमचे पंजाबी ड्रेस चालले. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी इथंच आहेत, सगळी गर्दी तिथं असते. तुम्ही चिमाबुए या चित्रकारानं रंगवलेला येशूचा लाकडी क्रूस शोधा. तेराव्या शतकातला, चार मीटरहून उंच. १९६६ च्या पुरात त्याचा निम्म्याहून जास्त रंग धुऊन गेला. दुरुस्त करणाऱ्यांनी गेलेला चेहरा अंदाजानं रंगवला नाही. जिथं रंग गेला तिथं बारीक बारीक रंगीत रेघा ओढल्यात. लांबून बघितलं तर डोळ्यांना खटकत नाही, जवळ गेलं की मूळ कुठलं आणि भरलेलं कुठलं ते स्वच्छ कळतं. इतक्या सचोटीची दुरुस्ती मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

तिथल्याच जुन्या भोजनगृहात वसारी या चित्रकाराचं ‘शेवटचं भोजन’ हे चित्र आहे. पाच लाकडी फळ्यांवरचं हे चित्र बारा तासांवर पाण्यात होतं. ते नीट होऊन परत भिंतीवर यायला २०१६ उजाडलं, म्हणजे पन्नास वर्षं लागली. आता ते अशा यंत्रणेवर बसवलंय, की पुराचा इशारा मिळाला की अख्खं चित्र वर उचलून घेता येतं. पाऊस वाढला की आपणही टीव्ही, धान्याचे डबे, कागदपत्रं आधी माळ्यावर चढवतो. चित्रासाठी कुणीतरी हाच विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मी नोकरीची सगळी वर्षं ग्रंथालयात काढली, त्यामुळं नदीकाठचं राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालय निदान बाहेरून तरी बघायचंच होतं. १९६६ ला तिथली दहा लाखांहून जास्त पुस्तकं आणि कागद चिखलात गेले. चिखलही साधा नव्हता. हिवाळ्यासाठी घराघरांत भरून ठेवलेलं जळणाचं तेल त्यात मिसळलं होतं. देशोदेशींची तरुण पोरं आली, तळघरापासून रांग लावून हातोहात पुस्तकं वर काढली. गावानं त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटलं. ओली पुस्तकं वाळवायला तंबाखूच्या भट्ट्या वापरल्या! तंबाखूच्या निपाणीच्या इतक्या जवळ राहून हे मला ठाऊक नव्हतं. २०१९ ला आमच्या गावातही पुस्तकं भिजली, पानं एकमेकांना चिकटून त्यांचे लगदे झाले. ते उचलायला मी होते. त्यामुळं त्या इमारतीपुढं मला बोलवेना.

बाकीचं थोडक्यात. सुरुवातीला सांगितलेल्या मोठ्या चर्चवर ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं रचलेला घुमट आहे; त्याच्या ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वेळ ठरवून आधीच बुकिंग करावं लागतं. गुडघे साथ देत असतील तर नक्की चढा. खालून लाकडी कमानीचा आधार न घेता १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत तो रचला, आणि वर जाताना दोन कवचांमधल्या चिंचोळ्या वाटेतून जाता येतं. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा अकादेमिया या संग्रहालयात आहे. उफित्झी हे चित्रांचं संग्रहालय आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात, हे तिकिटं काढताना बघा. कॉफी काउंटरला उभं राहून प्या, टेबलाला बसलं की दर वाढतो. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही: शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजीची ‘रिबोलिता’ पोटभर होते. तिथल्या पावात मात्र मीठ नसतं, ते आम्हाला शेवटपर्यंत रुचलं नाही.

पोन्ते व्हेक्किओ हा सोनारांच्या दुकानांचा पूल १३४५ चा. आधी त्यावर खाटिकांची दुकानं होती, १५९३ ला ती उठवून सोनार आणले. १९४४ ला माघार घेणाऱ्या जर्मनांनी बाकीचे पूल उडवले, हा ठेवला. पुराच्या रात्री पहारेकऱ्यांनी फोन करून सोनारांना उठवलं आणि जमेल तेवढा माल त्यांनी रातोरात हलवला.

आता आपल्या भागातल्या माणसानं चुकवू नये अशी जागा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. वय जेमतेम वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं आणि दहनाला परवानगी नव्हती. खास मंजुरी काढून आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. परमुलखात सोबतच्या माणसांनी संगमच शोधून काढला. हरिपूरला वारणा-कृष्णेच्या संगमावर घरच्यांना निरोप दिलेल्या कुणालाही त्याचं कारण विचारावं लागणार नाही. त्या जागी छत्री आहे, आत रंगवलेला अर्धपुतळा, फेटा बांधलेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्याचाच. जवळच्या पुलाला तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

ही छत्री कास्चिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. टी-१ ट्राम बागेच्या अलीकडच्या अंगाला सोडते, तिथून काठाकाठानं चांगली तंगडतोड आहे, वाटेत सावली भरपूर. पाण्याची बाटली आणि थोडं भडंग जवळ ठेवा. शक्यतो मंगळवारी सकाळी जा, त्या दिवशी बागेत आठवडी बाजार भरतो; आधी छत्री बघा, येताना बाजार करा, म्हणजे पिशव्यांचं ओझं दोन वेळा वाहावं लागत नाही.