मॉडेल चुकलं, पण काय झकास चुकलं!

मूल गणित कसं सोडवतं याची नक्कल करणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, म्हणजे मॉडेल, बनवायचं हे आमचं काम. त्यात मॉडेलने सगळी गणितं बरोबर सोडवली तर हाती फार काही लागत नाही. बरोबर उत्तर तर कॅल्क्युलेटरही देतो. मूल डोक्यात काय करतं ते पकडायचं असेल तर मॉडेल मुलासारखंच चुकायला हवं, तेही नेमकं त्याच जागी.

त्या दिवशी हातच्याच्या वजाबाकीचं मॉडेल चालवत होतो. शेजारी शून्य असेल तर हातचा कसा घ्यायचा, हा एकच नियम मुद्दाम काढून टाकलेला. ३०५ − १२८ दिलं. यायला हवं १७७, आलं २७७. टीममधली ज्युनिअर लगेच, "सर, कोडमध्ये बग आहे, फिक्स करते." म्हटलं हात लावू नकोस, आधी ट्रेस, म्हणजे मॉडेलने एकेक पायरी कशी केली त्याची नोंद, बघू. तर मॉडेल शून्यापाशी अडलं होतं, मग त्याने शून्याचे सरळ नऊ केले, एककाला दहा दिले आणि शतकातला एक कमी करायचा तो केलाच नाही. परत रन केलं तर ८७! आता शून्यावरून उडी मारून थेट तीनकडून हातचा, आणि दशकात पुन्हा अडल्यावर पुन्हा तिथूनच.

मुलांच्या चुकांनाही असे नियम असतात हे ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच मांडलंय, आणि अडल्यावर मूल काहीतरी जुगाड करून पुढे जातं ही ब्राउन आणि व्हॅनलेनची थिअरी १९८० ची. वाचलेलं होतंच हो, पण स्क्रीनवर बघणं वेगळं.

मग ज्युनिअर खऱ्या मुलांच्या, नावं काढलेल्या उत्तरपत्रिकांचे स्कॅन चाळत बसली आणि एकदम ओरडलीच. एकाच मुलाच्या पेपरात वर ३०५ − १२८ चं २७७, आणि खाली २०४ − ६७ चं ४७. म्हणजे वर एक जुगाड, खाली दुसरा, अगदी आमच्या दोन रनसारखं. तपासणाऱ्याने दोन्हीवर नुसती फुली मारलेली, मूल दोन्हीकडे शून्यापाशीच अडलंय हे त्या फुलीतून कसं कळणार?

चहा वगैरे विसरून अजून रन केले. एकात मॉडेलने शून्यातून एक काढून उणे एक केलं आणि मजेत पुढे गेलं. असं आमच्या एकाही पेपरात नव्हतं. मुलाला तिथे काहीतरी खटकतं, मॉडेलला काहीच खटकत नाही, आणि ते खटकणं कोडमध्ये नक्की कुठे बसवायचं यावरून आमची संध्याकाळपर्यंत जुंपली होती.