मे महिन्यातली मुरबाड-शहापूर फेरी: बिऱ्हाड हलवण्याआधी जमीन कशी बघावी

ठाण्या-नवी मुंबईतलं बिऱ्हाड उचलून, मुलं लहान असतानाच डोंगराच्या पायथ्याला एक-दोन एकरांवर राहायला जायचं असेल, तर जमिनीची पहिली फेरी मे महिन्यात करावी. पावसाळ्यात मुरबाड तालुका दाखवला की कुणीही विसार (बयाण्याचे पैसे) देऊन मोकळा होतो. ओढे भरलेले, खाचरं हिरवी, समोर माळशेजचे कडे. एजंटांचा हंगाम तोच. शेजारच्या जमिनीपेक्षा ही स्वस्त का, याचं कारण मात्र मे महिन्यात सापडतं. कारण असतंच. कागदात असतं, पाण्यात असतं, नाहीतर रस्त्यात.

फेरी दोन दिवसांची धरावी: शुक्रवार आणि शनिवार. सरकारी कार्यालयं शनिवारी बंद, त्यामुळे शुक्रवार कागदांचा आणि शनिवार जमिनीचा. ठाण्याहून सकाळी सहाला निघावं. साकेत, भिवंडी बायपास, कोन, दुर्गाडी पूल, शहाड, म्हारळ, रायता, मुरबाड. कल्याणपासून पुढे साधारण ३० किलोमीटर, पण वेळ खातं ते कल्याणच. नवी मुंबईकरांना बदलापूरवरून बारवी धरणाच्या बाजूने निघणारा रस्ता बरा पडतो.

निघण्याआधी घरूनच तीन कागद काढायचे: डिजिटल सहीचा सातबारा (१५ रुपये), आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदी). मात्र त्याआधीचा प्रश्न असा, की घरात कुणी शेतकरी आहे का? कुळवहिवाट कायदा १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. नवरा-बायकोपैकी कुणाचं तरी वारसाने गावच्या सातबाऱ्यावर नाव लागतंय का, ते आधी बघा. कित्येकदा आजोबांच्या पश्चात वारसनोंदच झालेली नसते; ती करून घेणं हे पहिलं काम. ‘आम्ही तुम्हाला शेतकरी करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. खोट्या दाखल्यावर घेतलेला व्यवहार उघडा पडला की त्याच कायद्याच्या कलम ८४ क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. ज्यांच्याकडे शेतकरी दाखला नाहीच, त्यांनी रीतसर बिनशेती झालेला भूखंड बघावा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड मुळे बिनशेतीची वाट सोपी आहे, आणि शाळा-दुकान चालत्या अंतरावर राहतं हा फायदा वेगळाच.

सातबारा वाचताना क्षेत्रफळ शेवटी बघावं. आधी भोगवटादार वर्ग. वर्ग २ असेल तर विकण्याआधी परवानगी लागते. नंतर नावं. चार भावांची नावं असून एकच भाऊ जागा दाखवायला येत असेल, तर बाकीचे तीन आणि बहिणी कुठे आहेत ते विचारा. सही सगळ्यांची लागते. नावापुढे ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालन कर्ता) दिसलं तर हिस्सेदार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, आहे. त्याच्या हिश्श्याची विक्री कोर्टाच्या परवानगीशिवाय केली, तर तो सज्ञान झाल्यावर ती रद्द करून मागू शकतो. ‘इतर हक्क’ या रकान्यावर मात्र अर्धा तास घालवा. कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथेच असतं.

ठाणे जिल्ह्यात दोन शेरे असे आहेत, की दिसले तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नये. पहिला, आदिवासी खातेदार. महसूल संहितेच्या कलम ३६ अ मुळे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. यातून पळवाट म्हणून लांब मुदतीचा भाडेपट्टा किंवा मुखत्यारपत्र सुचवलं जातं. त्यावर घर बांधलं तर जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते आणि घराचे पैसे बुडतात. शिवाय ज्याची जमीन गेली त्याच्या दारात आपण राहणार, हा भाग उरतोच. दुसरा, खाजगी वन. १९७५ च्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी सरकारकडे गेल्या. सातबाऱ्यावर ‘३५(३)’, ‘राखीव वन’ किंवा ‘खाजगी वने’ असं काहीही लिहिलेलं असेल, अगर जुन्या फेरफारात असून आता गायब झालेलं असेल, तर वनविभागाकडे गट नंबर देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘काही नाही हो, सगळ्यांचंच तसं आहे’ याला किंमत नाही.

मुरबाडला तहसील कार्यालयात आणि दुय्यम निबंधकांकडे हेच तपासायचं: ३० वर्षांतल्या खरेदी-विक्रीच्या दस्तांचा शोध, जुने फेरफार, गावनकाशा. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, गावात तलाठीच म्हणतात. भूमी अभिलेख कार्यालयात गटाची मोजणी कधी झाली ते विचारा. झालेली नसेल तर विसार पावतीतच ‘हद्द कायम मोजणी करून मिळेल त्या क्षेत्राचे पैसे’ असं लिहून घ्या. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती ते वेगळं बघा, कारण भाव सगळ्या गुंठ्यांचा लागतो आणि त्यातले आठ गुंठे ओढ्यात असतात. एक एकर म्हणजे ४० गुंठे. जिल्ह्यात जिरायतीचा तुकडा २० गुंठ्यांखाली आणि बागायतीचा १० गुंठ्यांखाली नोंदवता येत नाही. पाच-पाच गुंठ्यांचे ‘फार्म प्लॉट’ सामायिक सातबाऱ्यावर विकले जातात ते यामुळेच. शेतघर बांधायचं तर किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर, एकत्र हवं.

शनिवारी सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी माळशेजच्या पायथ्यापर्यंतची पट्टी. इथे दोन प्रकारची जमीन दाखवतात: सखल भाताची खाचरं आणि वरची वरकस. वरकस स्वस्त. माती हातभर, खाली मुरूम नाहीतर काळा कातळ. घराला ती चांगली, कारण पाया लवकर लागतो आणि पाणी साचत नाही. भाजीपाल्याला खाचर हवं. दोन्हीचा तुकडा मिळाला तर उत्तम. नुसत्या खाचरात घर बांधलं तर जोत्याला चार महिने ओल राहते.

आता रस्ता. मे महिन्यात गाडी थेट जागेवर जाते आणि सगळे खूश होतात. गाडी ज्यावरून गेली ते खाली वाकून बघा. कापलेल्या भाताची धसकटं टायरखाली असतील तर तो रस्ता नाही, दुसऱ्याचं खाचर आहे. जुलैत तिथे चिखलणी होऊन आवण (भाताची रोपं) लागतं आणि आपली वाट गुडघाभर चिखलात संपते. गावनकाशावर गाडीवाट दाखवलेली आहे का ते आदल्या दिवशीच बघितलेलं असावं. नसेल तर शेजाऱ्याकडून वाटेच्या हक्काचा नोंदणीकृत दस्त विक्रेत्यानेच करून द्यावा, खरेदीखताच्या आधी. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण ज्याच्याशी पहिल्याच वर्षी तहसीलला भांडलो त्याच्याकडेच सणाला जायचं असतं.

पाण्यासाठी जागेवरच्या माणसाला काही विचारू नये. वाडीतल्या विहिरीवर जावं. ‘मावशी, होळीनंतर पाणी कुठनं आणता?’ एवढा एक प्रश्न पुरतो. विहिरीच्या काठाला दोराच्या खाचा खोल असतील आणि आत उतरायला शिडी टाकलेली असेल, तर उत्तर मिळालंच. इथे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्तच पडतो, आणि तरी फेब्रुवारी-मार्चपासून टँकर लागतात. बेसाल्टचा घट्ट कातळ पाणी धरत नाही. ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत असतं, तो थर पातळ, आणि उतार असल्यामुळे दिवाळीनंतर निथळत जातं. म्हणून ‘बोअर मारू, लागेल पाणी’ यावर जमीन घेऊ नये. बोअर असेल तर मे महिन्यात चालू करायला सांगा. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर. तेवढ्यावर थांबू नका, दोन तास चालू ठेवा. धार तुटायला लागली किंवा गढूळ आली तर ते साठलेलं पाणी होतं, वाहतं नव्हे.

खरा आधार छपराचा. १००० चौरस फुटांच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के हाती लागला, तर जवळजवळ १ लाख ८६ हजार लिटर होतात. चौघांना रोज ४०० लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना ४८ हजार लिटर पुरतात. म्हणजे ५ मीटर बाय ५ मीटर, २ मीटर खोल अशी एक बंद टाकी. पन्हळीतून येणाऱ्या पाइपला टाकीआधी २०० लिटरचं पिंप लावायचं. प्रत्येक सरीचं पहिलं दोन मिलिमीटर पाणी, धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन, त्यात जातं. पिंपाच्या तळाला छोटा नळ ठेवून दर पावसानंतर रिकामं केलं नाही तर पुढच्या सरीला ते निरुपयोगी, आणि हेच विसरलं जातं. टाकी उघडी ठेवली की शेवाळ आणि डास. टँकरवर अवलंबून राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की १० हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. कच्च्या चढावर तो टँकर येत नाही.

उताराकडेही बघा. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दरडी विसरायला नकोत. घराच्या वर जमिनीला आडव्या भेगा, बुंध्यापाशी वाकलेली झाडं, किंवा घळीच्या तोंडाशी पसरलेले मोठे धोंडे दिसले, तर ती जागा कितीही देखणी असो, तिथे मुलांना झोपवायचं नाही. धोंडे तिथे आपण होऊन आलेले नाहीत.

शाळेसाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक किती आणि इयत्ता किती ते बघा. दोन शिक्षकांवर चार वर्ग ही सर्रास गोष्ट आहे. पाचवीनंतर मूल एसटीने जाणार असेल तर सकाळची गाडी किती वाजता, हे फाट्यावरच्या टपरीवाल्याला माहीत असतं. दवाखान्याचं अंतर घड्याळ लावून गाडीने मोजा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का ते विचारून या. या पट्ट्यात नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार चारही आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. मुलांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवणं हा तिथला नियम पहिल्या रात्रीपासून. चावलं तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही. अवयव न हलवता १०८.

मोबाइलची रेंज रस्त्यावर नको, जागेच्या मागच्या कोपऱ्यात, डोंगराच्या बाजूला बघा. घरून काम करणाऱ्याचा सगळा बेत तिथेच फसतो.

परतताना सरळगावहून किन्हवलीमार्गे शहापूर. या दोन्ही तालुक्यांतली जागा पसंत असेल तर प्रस्तावित काळू आणि शाई धरणांच्या क्षेत्रात गट येतो का, तानसा अभयारण्याच्या जवळ आहे का, हे तपासल्याशिवाय विसार नको. ‘समृद्धीच्या जवळ’, ‘रेल्वे येणार’ ही वाक्यं भावात धरू नका. एकाची नोकरी ठाण्यात राहणार असेल तर मात्र किन्हवली-शहापूर पट्टा मुरबाडपेक्षा सोयीचा: आसनगावहून लोकलने ठाणे साधारण सव्वा तास. पण गाड्या मोजक्या, आणि रात्री स्टेशनपासून घरापर्यंतची वीस किलोमीटर दुचाकी भर पावसात चालवायची आहे, ते धरून हिशेब करा.

पसंत पडलेल्या जागेची दुसरी फेरी जुलैत, सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर. उल्हास नदी फुगली की रायत्याचा पूल बंद होतो. त्या दिवशी घरी परत कसं यायचं, हेही बघायचं आहे. गाडी फाट्यावर ठेवून चालत जा. सोबत छत्री नाही, इरलं किंवा रेनकोट, गमबूट आणि चुन्याची पिशवी. जिथून पाणी वाहतंय, जिथे तुंबलंय, तिथे काठी रोवून चुना मारा आणि मोजणीच्या नकाशावर खूण करा. घराचं जोतं त्या खुणांपासून लांब आणि किमान दोन फूट उंच. ते ठरल्यावरच साठेकराराची (खरेदीखताआधीच्या कराराची) तारीख द्या.