कोंबडे चिरडले, कोंबडी जिवंत

कुत्र्याने आणलेला मेलेला पक्षी तळहातावर उताणा घ्यायचा, डोकं पुढच्या बाजूला. फुंकर मारून पिसं बाजूला करायची आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपायच्या. गोल, टणक लागल्या तर कुत्र्याचं तोंड हलकं. चपट्या, आत बसलेल्या लागल्या तर कुत्र्याने दाबलंय. ब्रिटनमधल्या शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांत परीक्षक हेच करतात, आणि बरगड्या चेचलेल्या निघाल्या की कुत्रं बाद. तिथे दयामाया नसते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे अमेरिकेतल्या साउथ डकोटात फेझंट या लांब शेपटीच्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, पिकअपच्या मागच्या फळीवर मी असे तीन कोंबडे, म्हणजे फेझंटचे नर, चाचपले. एक टणक. दोन सपाट. तिन्ही एकाच कुत्रीने आणलेले. आणि याच कुत्रीने मधल्या वेळात एक जिवंत मादी माझ्या हातात आणून दिली होती, अंगाला दात न लावता. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

कुत्री एअरडेल टेरिअर. वय अडीच वर्षं, वजन 26 किलो, नाव टिली. आमच्या केनेलमध्ये शिकायला येतात ती बहुतेक लॅब्राडॉर आणि पॉइंटर जातीची कुत्री. टेरिअर क्वचितच येतो, आणि आला की सगळे दुसरीकडे बघतात. मालकाला त्याच कुत्रीकडून पडलेला पक्षी आणवायचा होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याची एअरडेल निरोप पोचवायची, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. खरंय, पण तो निरोप पट्ट्याला बांधलेल्या डबीत असायचा. तोंडात नसायचा.

मुळात अडचण कुठे आहे ते सांगते. शोधणं, पाठलाग, धरणं, मारणं, फाडणं, खाणं ही कुठल्याही कुत्र्याच्या शिकारीची साखळी. लॅब्राडॉरसारख्या, पडलेला पक्षी आणून देणाऱ्या रिट्रीव्हर जातींत पिढ्यान् पिढ्या निवड करून ती ‘धरणं’ इथे थांबवलीय. टेरिअरमध्ये उलट, ‘मारणं’ हीच कडी जाड केलीय. एअरडेल एकोणिसाव्या शतकात यॉर्कशरमध्ये, एअर नदीच्या खोऱ्यात घडला. नदीकाठचे उंदीर धरायचे आणि झटक्यात मान मोडायची हे त्याचं काम. आपल्याकडच्या कारवान किंवा मुधोळ कुत्र्याला ससा धरायला शिकवावं लागलं नाही. तो आणून हातात द्यायला शिकवायचं म्हटलं असतं, तर तिथे घाम फुटला असता. वन्यजीव कायद्याने शिकार बंद केल्यावर आपल्याकडे तो प्रश्नच उरला नाही, ते सोडा.

लोकांना वाटतं, हे काम म्हणजे दिवसभर काहीतरी फेकायचं आणि कुत्र्याने आणायचं. पहिले तीन आठवडे आम्ही काहीच फेकत नाही. कुत्र्याने तोंडात वस्तू घेऊन गप्प उभं राहायचं, एवढंच शिकवतो. कमरेइतकं उंच टेबल, वर आडवी तार आणि तिला अडकवलेला पट्टा. कुत्रं टेबलावरून उडी मारेल आणि लटकेल, म्हणून एक हात कायम पट्ट्यावर. अडीच सेंटिमीटर जाडीचा, वीसेक सेंटिमीटर लांबीचा लाकडी दांडका सुळ्यांच्या लगेच मागे द्यायचा आणि हनुवटीखाली दोन बोटांचा आधार. देताना ओठ दातांखाली सापडला नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. ओठ सापडला तर कुत्र्याच्या लक्षात दांडका राहत नाही, दुखणं राहतं, आणि पुढचा आठवडा तोंड उघडण्यातच जातो. सुरुवातीला पाच सेकंद, मग दहा, मग मिनिटभर. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. त्याहून जास्त केलं की दोघंही चिडतात.

टिली दांडका जिभेने मागे ढकलून दाढांत न्यायची आणि ऊस चावावा तसा चावायची. टेरिअर हे करतोच. त्यावर उपाय दोन्ही टोकांना जाड ठोकळे असलेला दांडका. ठोकळ्यांमुळे तो मधोमधच धरावा लागतो, आणि जमिनीवर ठेवला तरी मधला भाग वर राहतो, त्यामुळे खालचा जबडा आत सरकायला जागा मिळते. आणखी एक, घट्ट चावलं की दांडका तिथल्या तिथे काढून घ्यायचा, हलका धरला की खाऊ. वाटाण्याएवढा उकडलेल्या काळजाचा तुकडा.

इथे आमच्या केनेलमध्ये दोन पंथ आहेत. जुनी रीत कान चिमटण्याची. पट्ट्याच्या कडीवर कान दाबायचा, कुत्रं ओरडायला तोंड उघडतं, त्यात दांडका द्यायचा आणि त्याच क्षणी कान सोडायचा. तोंडात घेतलं की दुखणं थांबतं, हे कुत्रं शिकतं. त्याच रितीची दुसरी तऱ्हा पायाच्या मधल्या दोन बोटांभोवती दोरी आवळण्याची. लॅब्राडॉरवर हे चालतं, मीही केलंय. पण लॅब्राडॉरला दुखलं तर तो तोंड उघडतो आणि टेरिअरला दुखलं तर तो दात आवळतो. ज्या कुत्र्याचं तोंड हलकं करायचंय त्याला दुखवून आवळायला शिकवायचं, हे माझ्या गळी उतरत नाही. म्हणून टिलीला सगळं उलट्या क्रमाने शिकवलं. हातात देणं ही शेवटची पायरी आधी, मग दोन पावलं चालून देणं, मग पुढे झुकून घेणं, मग जमिनीवरून उचलणं. हातातून घेणारं कुत्रं जमिनीवरच्या वस्तूकडे नुसतं बघत बसतं. त्या वीतभर अंतराला आमचे आठ दिवस गेले. सहकारी हसत होते. हसू देत.

‘परत येणं’ शिकवताना मैदान वापरायचं नाही. सव्वा मीटर रुंदीची, दोन्ही बाजूंनी जाळी लावलेली बोळकांडी करायची, टोक बंद. कुत्र्याला आपल्याकडे येण्यावाचून वाटच नसते. बाहेर दहा मीटरची दोरी. कुत्रं पक्षी घेऊन मिरवायला लागलं तर मागे धावायचं नाही, पाठ फिरवून आपणच पळायचं. आणि तोंडातून घेताना ओढायचं कधीच नाही. ओढलं की रस्सीखेच सुरू, आणि रस्सीखेचेत टेरिअर हरत नसतो. वस्तू किंचित घशाकडे ढकलायची, जबडा आपोआप सैलावतो.

मग वस्तूंची चढण. पाच सेंटिमीटर जाडीची कॅनव्हासची डमी, म्हणजे सरावाचा खोटा पक्षी, मग साडेसात सेंटिमीटरची, मग तिला चिकटपट्टीने बांधलेले पंख, मग गोठवलेलं कबुतर. गोठवलेलं अशासाठी की चावता येत नाही आणि रक्ताची चव लागत नाही. त्यावर बायकांचा जुना नायलॉनचा पायमोजा चढवायचा. पंख अंगालगत राहतात आणि कुत्रं पंखाला न धरता धडाला धरतं. मग वितळलेलं कबुतर, मग ताजा मेलेला चकोर. होय, आपल्या कवितेतला चांदणं पिणारा चकोर. अमेरिकेत तो 1893 साली कराचीहून आणला, आणि आता इथे सरावाचा पक्षी म्हणून पिंजऱ्यांत वाढवतात. त्याचं वजन अर्धा किलोच्या आसपास, फेझंटचा कोंबडा साधारण सव्वा किलोचा आणि शेपटीच अर्धा मीटर. आठव्या आठवड्याअखेर टिली मेलेला कोंबडा साठ मीटरवरून हातात देत होती. रोज बरगड्या चाचपत होते. टणक.

नवव्या आठवड्यात मी दोन दिवस रजेवर होते. पुढची पायरी जिवंत पक्ष्याची, आणि ती मी वहीत क्रमाने लिहून ठेवली होती. आधी पायमोजातलं जिवंत कबुतर, मग चकोर, मग फेझंटची मादी, शेवटी या वर्षीचा तरुण कोंबडा, तोही पायामागचा काटा कापून. तरुण कोंबड्याचा काटा आखूड आणि बोथट असतो, म्हाताऱ्याचा लांब आणि सुईसारखा. एका सहकाऱ्याने त्या दोन दिवसांत पैदाशीच्या पिंजऱ्यातला जुना कोंबडा पंख बांधून तिच्यापुढे सोडला. बघू काय करते, म्हणून. कोंबड्याने डोळ्याखाली काटा हाणला. टिलीने तो उचलून झटकला, दोनदा, आणि मग शहाण्यासारखा आणून हातात दिला. वहीत नोंद: ‘जिवंत पक्षी. आणला. उत्तम.’ दाढीच्या केसांत वाळलेली खपली मला सापडली म्हणून मी खोदून विचारलं, नाहीतर हे कळलंच नसतं. आमच्या वहीत ‘आणला’ला रकाना आहे, ‘कसा आणला’ला नाही.

नंतरचे तीन आठवडे मी मागे गेले. मेलेले पक्षी, कबुतरं, जिवंत चकोर. सगळं टणक. जिवंत कोंबडा मात्र पुन्हा दिला नाही. हंगाम तोंडावर आला होता, काटे कापलेले तरुण कोंबडे केनेलमध्ये नव्हते, आणि मला वाटलं, निघालं असेल डोक्यातून.

शनिवारी तिघे बंदूकवाले. माणसं ज्वारीच्या पट्ट्यातून ओळीने चालतात, काहीजण टोकाला वाट अडवून उभे राहतात. ज्वारी इथे पक्ष्यांसाठीच पेरतात, कणसं काढायची नाहीत. मारायचे फक्त कोंबडे, माणशी दिवसाला तीन. पक्षी उडाला की कुणीतरी ओरडतो ‘कोंबडा’ किंवा ‘मादी’, आणि मादी असेल तर बंदुका खाली. पहिला कोंबडा कापणी झालेल्या मक्यात थेट मेलेला पडला. टिली गेली, आणला. हाच तो टणक.

दुसऱ्याचा पंख तेवढा मोडला. असा कोंबडा पडला की धावतो, आणि माणसाच्या बापाला सापडत नाही. कुत्र्याची खरी गरज अशा पक्ष्यासाठीच. मेलेला काय, माणूसही उचलतो. तो पळाला थेट पाणकणसाच्या दलदलीत. शेजारच्या गटाचा लॅब्राडॉर काठावर दोन घिरट्या घालून परतला. टिली नाक खाली घालून आत शिरली. तीनेक मिनिटं नुसती पाणकणसं हलत होती. बाहेर आली ती पोटापर्यंत चिखल, दाढीत पिसं आणि गोखरू, तोंडात कोंबडा. मालक टाळ्या वाजवत होते. कोंबड्याची मान ज्या तऱ्हेने लोंबत होती ती मला आवडली नाही.

परतीच्या वाटेवर, कुणी बंदूक उडवलेली नसताना, ती गवतात थबकली आणि खाली वाकली. वर आली तेव्हा तोंडात मादी. काही पक्षी दबून बसतात, उडतच नाहीत, कुत्रं वरून अलगद उचलतं. मी श्वास रोखून हात पुढे केला. मादीचे डोळे उघडे, पंख अंगाशी. टिलीने जबडा सैल केला. मी बरगड्या चाचपल्या, टणक. पंख ताणून पाहिले, ठीक. पिसं थुंकीने ओली, बाकी काही नाही. मादी जवळ ठेवणं गुन्हाच आहे. वर फेकली, ती सरळ उडून मक्यापलीकडे गेली. तिसरा कोंबडा त्यानंतर वीसेक मिनिटांनी, पुन्हा मोडका पंख, पुन्हा दलदल.

फळीवर मी दोन्ही सपाट कोंबडे सोलले. छर्रा लागून किंवा आपटून बरगडी मोडते, पण सहसा एकाच बाजूची, आणि छऱ्याचा माग दिसतो. इथे छर्रे पंखात. बरगड्या दोन्ही बाजूंच्या चेचलेल्या, पाठीवर सुळ्यांचे डाग. एकाचा काटा लांब, अणकुचीदार. दुसऱ्याचा बोथट, या वर्षीचा. म्हणजे काटा बघून ती ठरवत नाही. कोंबडा म्हटला की आधी मारते, मग आणते. मादीला काटा नसतो, तिला आणते. नवव्या आठवड्याचं गणित असं सरळ सुटतं, आणि सरळ सुटतं म्हणूनच मला खटकतं. कारण मादी जखमी नव्हती, तडफडत नव्हती. टेरिअरला झटकायला लावते ती तोंडातली धडपड. चकोर धडपडत होते खरे, पण अर्धा किलोचं काय ते बळ. धडपडणारी मोठी मादी मी तिला कधी दिलीच नाही. मग दोष काट्याचा की जातीचा, की मी गाळलेल्या पायरीचा, हे एका मादीवरून ठरत नाही.

मालकांना बरगड्या दाखवल्या. ते म्हणाले, छातीचं मांस शाबूत आहे ना, आणि हे दोन पक्षी नाहीतर कोल्ह्याने खाल्ले असते. तेही खोटं नाही. स्पर्धेत उतरवायची असेल तर मला दोन आठवडे द्या म्हटलं. पंख बांधलेल्या धडधाकट माद्या, मग काटे कापलेले कोंबडे, रोज एकच, आणि झटकला की त्या दिवसापुरतं काम बंद. ते टिलीच्या दाढीतलं गोखरू काढत होते. शनिवारी परत इथेच यायचंय, म्हणाले, त्यानंतर बघू.

मी वहीत ‘आणला’च्या शेजारी पेनने एक रेघ मारून नवा रकाना केला. सोमवारी बघितलं तर त्या सहकाऱ्याने त्यात पक्ष्याचं वजन लिहिलं होतं.