मराठवाड्याच्या उन्हात स्पिरुलिना

स्पिरुलिना म्हणजे टाक्यात वाढवून, वाळवून खायचं निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ. तिला ऊन लागतं, पण लातूर-बीडकडचं मे महिन्यातलं नाही. पाणी ३८ अंशांपुढे गेलं की वाढ खुंटते, रंग पिवळा पडायला लागतो. टाक्यावर ५० टक्क्यांची शेडनेट टाका, पाणी वीतभर खोल ठेवा.

खरी डोकेदुखी बोअरच्या जड पाण्याची. लिटरमागे ८ ग्रॅम खायचा सोडा पडला की पाण्यातलं कॅल्शियम पांढरा गाळ होऊन बसतं आणि खतातलं फॉस्फेटही सोबत नेतं. खत घालूनही वाढ नाही, ती यामुळेच. पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. नसेल तर सोडा घालून रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी घ्या, मग बाकीची खतं.

पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ९ ते १०.५ ठेवा. खाली गेला तर दुसरी शेवाळं घुसतात. वर गेला तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडा. किलोभर सुकी स्पिरुलिना साधारण १.८ किलो वायू घेते. अर्थात खाल्ली की तो परत हवेत, त्यामुळे कार्बन क्रेडिटचे (हवेतला कार्बन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे) इमले नकोत.

स्पिरुलिनातला निळा रंग, फायकोसायनिन, ४५ अंशांवर खराब होऊ लागतो, शिवाय उजेडही सोसत नाही. म्हणून सावलीत, पातळ शेवया पाडून वाळवा. चिमूटभर पूड पाण्यात टाकून पाहा: थोड्या वेळात निळी झाक उतरली नाही, तर वाळवण चुकलंय.