शून्य डोस

रात्रीचे साडेआठ झाले होते. ब्लॉटवर, म्हणजे पेशींतलं प्रथिन पट्ट्यांत दाखवणाऱ्या पडद्यावर, बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाचे सहाच्या सहा बँड सारखेच गडद. मेथिओनिन या अमिनो आम्लाचे सहा डोस, शून्यापासून चढत नेलेले, आणि पेशींना त्याचा पत्ताच नाही. तिसऱ्यांदा हेच. "परिणाम नाही, हाही निकालच असतो. लिहून टाक," म्हणत मॅडम लोकल गाठायला निघाल्या.

आमच्या पेशी गाईच्या कासेतल्या, मॅक-टी. १९९१ मध्ये कॅनडात होल्स्टीन गाईपासून तयार झालेल्या. देवनारच्या कत्तलखान्यातून म्हशीची कास आणता येते, गाईची राज्यात कायद्यानेच मिळत नाही, म्हणून ह्या. त्यांना नुसतं पोसून भागत नाही. इन्सुलिन, प्रोलॅक्टिन आणि हायड्रोकॉर्टिसोन ही संप्रेरकं दिली की मग त्या दुधाची प्रथिनं करतात, तीही हात राखून. रविवारीसुद्धा डोंबिवलीहून येऊन मीडिया, म्हणजे त्यांचा पोषक द्रव, बदलायचा. पावसात गाड्या बंद पडल्या की पहिला विचार त्यांचाच येतो.

त्या रात्री लिहायला बसले आणि 'शून्य डोस' या शब्दांपाशी अडले. शून्य म्हणजे नक्की किती? मीडियाचा घटकतक्ता काढला. आमच्या मीडियात, डीएमईएम-एफ१२ मध्ये, लिटरला १७.२४ मिलिग्रॅम मेथिओनिन. हिशोब केला: साधारण ११५ मायक्रोमोल. गाईच्या रक्तात असतं २०-३० च्या आसपास. म्हणजे आमची शून्याची प्लेट गाईच्या चौपट मेथिओनिनमध्ये बसलेली, वर मीडियात घातलेल्या दहा टक्के सीरममधली, म्हणजे रक्तद्रवातली, अमिनो आम्लं वेगळी. पेशीत प्रथिन बनवायचा वेग वाढवणारं एमटॉर नावाचं प्रथिन असतं, ते अमिनो आम्लांनी जागं होतं. आमच्याकडे ते आधीपासूनच जागं. जेवून उठलेल्याला आम्ही पुन्हा पुन्हा वाढत होतो. तीन महिने!

मेथिओनिन नसलेला मीडिया आणि डायलाइज केलेलं, म्हणजे अमिनो आम्लांसारखे छोटे रेणू काढून टाकलेलं, सीरम मागवलं. खरेदी विभागाचा प्रश्न आला: घटक कमी, मग किंमत जास्त कशी? दोन पत्रं लिहावी लागली. तिथे बसून प्रयोगाचं मोल ठरवणाऱ्यांनी एकदा तरी इनक्युबेटर उघडून बघावा. माल यायला दोन महिने लागले.

नव्या ब्लॉटवर शून्याचा बँड अगदी फिकट. पुढे चढत गेलेला, आणि एका डोसनंतर जागीच थांबलेला. खालची अ‍ॅक्टिनची, म्हणजे तुलनेसाठी बघायच्या नेहमीच्या प्रथिनाची, रांग एकसारखी, म्हणजे जेलच्या खाचांत प्रथिन कमीजास्त भरल्याचा दोष नाही. इतकी स्वच्छ अ‍ॅक्टिनची रांग माझ्याकडून त्याआधी आली नव्हती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "जुने प्रबंध काढ."

कपाटात माझ्या आधीच्या एका ताईचा प्रबंध आहे. लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लावरचा. मीडिया तोच, डीएमईएम-एफ१२. तिच्या शून्यात ५०० मायक्रोमोल लायसिन होतं. निष्कर्ष: परिणाम नाही. काम अत्यंत नेटकं, प्रत्येक प्रयोग तीनदा केलेला. मी रुजू झाले तेव्हा पेशी कशा उचलायच्या हे तिनेच माझा हात धरून शिकवलं. आता ती पशुखाद्याच्या क्षेत्रात आहे, गोठ्यांवर जाऊन कुठल्या गाईला काय घालावं ते सांगते.

तक्त्याचा फोटो काढून ठेवलाय. 'ताई, एक विचारायचं होतं' इतकं दोनदा टाइप केलं आणि पुसलं.