लागार्डियाची रांग आणि धावपट्टीचं भाडं

न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर विमान गेट सोडतं आणि मग टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर, खोळंबून राहतं. इथे नव्याने आलेल्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, वेळापत्रकच तसं असतं. समजा, धावपट्टीवरून तासाला 40 विमानं सुटू शकतात आणि लावली आहेत 45. तीन तासांत 15 विमानं तुंबतात, शेवटच्याला बावीस-तेवीस मिनिटं उशीर. पावसाने क्षमता 30 वर आली की तेवढ्याच वेळात 45 तुंबतात आणि शेवटचं दीड तास रखडतं.

उतरण्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी वजनावर असतं. गोम इथेच आहे. जड विमानामागून हलकं उतरायचं तर हवेतल्या भोवऱ्यांमुळे 6 सागरी मैल अंतर ठेवावं लागतं, जडामागे जड असेल तर 4 पुरतात. म्हणजे जास्त वेळ खाणाऱ्याचंच बिल कमी! 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळांवर गर्दीच्या वेळी छोट्या विमानांचं किमान शुल्क 5 डॉलरवरून 25 केलं, तेव्हा त्यांची ये-जा साधारण 30 टक्क्यांनी घटली.

पुढच्याच वर्षी तासाला ठरावीक स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्याच्या किंवा सोडण्याच्या राखीव वेळा, आले. 2000 मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) छोट्या जेट विमानांना आणि नव्या कंपन्यांना त्यातून सूट दिली आणि काही महिन्यांतच लागार्डिया इतकं तुंबलं की जादा फेऱ्या सोडत काढून वाटाव्या लागल्या.

नुसत्या मर्यादेत एक खोट आहे. स्लॉट 80 टक्के वापरला नाही तर जातो, म्हणून कंपन्या तो छोटी, अर्धी रिकामी विमानं उडवूनही धरून ठेवतात. फुकट मिळालेली वस्तू कोण सोडणार? 2008 मध्ये काही स्लॉटांचा लिलाव ठरला होता; कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती आली, 2009 मध्ये प्रस्तावच मागे घेतला गेला. माझ्या मते तो लिलाव व्हायला हवा होता. एकाच कंपनीचं राज्य असलेल्या विमानतळावर तिच्या जादा फेरीचा फटका तिच्याच इतर विमानांना बसतो, म्हणून ती जपून असते. लागार्डियावर तो शेजाऱ्याला बसतो.

तिकीट काढताना एवढं बघा: शनिवार आणि डेन्व्हर सोडलं तर लागार्डियावरून 1,500 मैलांपलीकडे थेट विमान नाही. लांबून येणारे जेएफके किंवा नेवार्क या जवळच्या विमानतळांवर उतरतात. पुढचं विमान लागार्डियाचं असेल तर सामान घेऊन रस्त्याने विमानतळ बदलावा लागतो. मध्ये किमान पाच तास ठेवा. मुक्काम करून सकाळचं पहिलं विमान धरता आलं तर उत्तम, तोवर रांग साचलेली नसते.